जसं आलं तसं लिहा : बी.एस्सी.च्या मुलामुलींना जाण्यापूर्वी

एफ. वाय. आणि एस. वाय.च्या काही जणांनी मिळून मला विचारलं आहे : "ताई, तुम्ही आता पुणं सोडून चाललात. बी.एस्सी.च्या वर्षांत नेमका जोर कशावर द्यायचा? सीजीपीए, जॅमचा (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा) क्लास, कोडिंग, प्रोजेक्ट, की सगळंच थोडं थोडं? आणि आपलं कॉलेज साधं आहे, आयसरसारखी केंद्र सरकारची विज्ञान संस्था नाही, म्हणून पुढे काही अडतं का?"

मी याच शहरातल्या एका साध्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग विद्यापीठातून एम.एस्सी., आणि आता पीएच.डी.चा प्रबंध सादर केला आहे. गेली काही वर्षं शनिवारी तुमच्या प्रॅक्टिकलला मदतीला येते, तेव्हा तुमची जर्नल्स माझ्या हातून जातात. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. प्रॅक्टिकलमध्ये जे रीडिंग आलं ते जसंच्या तसं लिहा, आणि ते तसं का आलं याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवा. बाकी मी जे सांगणार आहे त्याला फार तर दुसरा नंबर द्या.

साध्या लोलकाचाच प्रयोग घ्या. पहिल्या सेमिस्टरचा, सगळ्यांना सोपा वाटणारा. बहुतेक जर्नल्समध्ये जीची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८० किंवा ९.८१ निघालेली असते. ती कशी निघते हे आपल्याला ठाऊक आहे. आधी उत्तर ठरतं, मग त्याला शोभेल असा आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ), मग त्याला शोभतील असे स्टॉपवॉचचे आकडे. पण पुण्यात जी ९.८१ नाहीच. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे आणि फिरते आहे, त्यामुळे विषुववृत्तावर जी साधारण ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२ असतो. पुस्तकातला ९.८१ हा साधारण ४५ अंश अक्षांशावरच्या किमतीचा गोळाबेरीज आकडा. पुणं १८.५ अंशावर आहे, वर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. अक्षांशाचं सूत्र वापरून उंचीची दुरुस्ती केली की आपल्याकडे ९.७८ च्या आसपास यायला हवं. म्हणजे ज्याने मन लावून प्रयोग केला त्याचं उत्तर पुस्तकाशी जुळायलाच नको, आणि ज्याचं दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत जुळलं त्याने नक्की काय मोजलं हा प्रश्न उरतो.

आता तुम्ही विचाराल, ९.७८ आणि ९.८१ मधला फरक आपल्या लॅबमध्ये दिसेल तरी का? हाच प्रश्न खरा मोलाचा. एक मीटरच्या लोलकाचा आवर्तकाल साधारण २ सेकंद. तुम्ही २० आंदोलनं मोजता, म्हणजे ४० सेकंद. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरली तर ती अर्धा टक्का झाली. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये ती १ टक्का होते, म्हणजे जवळजवळ ०.१. तेव्हा तुमचं प्रामाणिक उत्तर ९.७ ते ९.९ मध्ये कुठेही येऊ शकतं आणि त्यात काहीही गैर नाही. त्या प्रयोगातून ९.८१ बरोबर की ९.७८ हे ठरवताच येत नाही. मग २० ऐवजी १०० आंदोलनं मोजा. वेळ झाली २०० सेकंद, हाताची चूक तेवढीच, जीमधली अनिश्चितता ०.०२ वर आली. इथे कुठे तो फरक डोकावायला लागतो.

आणि डोकावला की नव्या अडचणी समोर येतात, त्या फार सुंदर आहेत. लोलक १० अंशांनी ओढून सोडलात तर आवर्तकाल जवळजवळ ०.१९ टक्क्याने वाढतो, आणि जी ०.०३७ ने कमी निघतो. आपण शोधतोय तो फरक ०.०३ चा! म्हणजे जास्त कोनातून सोडणाऱ्याला पुण्याचा जी चुकीच्या कारणाने बरोबर मिळेल. ५ अंशांच्या आत राहिलात तर ही चूक ०.०१ च्या खाली जाते. दुसरी अडचण लांबीची. गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या धरायची राहिली तर एक मीटरच्या लोलकात सरळ १ टक्क्याची चूक. पण एकाच लांबीवर विसंबण्याऐवजी पाच-सहा लांब्या घेतल्या आणि आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध दोऱ्याची लांबी असा ग्राफ काढला, तर त्रिज्या विसरली तरी रेषेच्या चढावर काही परिणाम होत नाही. रेषा फक्त सरकते, आणि लांबीच्या अक्षाला जिथे छेदते तिथून गोळ्याची त्रिज्या मिळते. ती व्हर्नियरने मोजलेल्या त्रिज्येशी ताडून बघा. "ग्राफ का काढायचा?" याचं एवढं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या प्रयोगात सापडत नाही, आणि ग्राफच्या कागदाला आपण जर्नलची सजावट समजतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही सगळी गंमत, आधी उत्तर ठरवून मागे येणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. मार्कांची भीती मी समजते. शेजारच्याचं ९.८१ आणि आपलं ९.६ असेल तर सही मिळेल का, ही धाकधूक असते. पण ९.६ च्या शेजारी अनिश्चितता लिहा आणि खाली दोन ओळींत संभाव्य कारण लिहा. व्हायवाला तुमच्याकडे स्वतःचं बोलण्यासारखं काही असेल, आणि पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा ते कितीतरी सहज बोलता येतं. रीडिंग पेनने आणि थेट जर्नलमध्ये किंवा बांधलेल्या वहीत घ्या, सुट्या कागदावर नको. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पुढे कुठल्याही संशोधन संस्थेत गेलात तर हाच नियम आहे.

सिमला ऑफिसच्या स्टॉपवरून तुम्ही रोज जाता. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. त्याच खात्यात १९४८ मध्ये अ‍ॅना मणी रुजू झाल्या. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं होतं, प्रबंधही लिहिला होता, पण एम.एस्सी. नव्हती म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुण्यात त्यांनी हवामानाची उपकरणं देशातच बनवायला घेतली, जवळजवळ १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशभर उभं केलं. तापमापी, वायुभारमापी, पर्जन्यमापक : आपण ज्यांना किरकोळ समजतो अशीच ही उपकरणं. पण ती एकमेकांशी ताडून अचूक केली नसती तर एका गावच्या आकड्याची दुसऱ्या गावच्या आकड्याशी तुलनाच झाली नसती. आपल्या लॅबमधल्या व्हर्नियरची शून्य त्रुटी बघायचा कंटाळा आला की मला त्या आठवतात.

केमिस्ट्रीवाल्यांनीही हे आपलंच समजावं. टायट्रेशनची तीन रीडिंग्ज हुबेहूब सारखी, आणि सी.बी.आर. (जुळलेलं कायम रीडिंग) तोच, असं जर्नल मी बघते तेव्हा कळतं की ब्युरेट एकदाच भरली होती. ब्युरेटचा लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर मोजता येणारा सगळ्यात लहान भाग, ०.१ मिली असतो, शेवटचा थेंबच ०.०५ मिलीच्या आसपासचा. तीनदा मोजून एवढा फरक पडला तर तो लपवायचा नसतो. आणि बॉटनी-झूलॉजीच्या मुलांनी स्लाइडवर दिसतं ते काढावं, मागच्या वर्षीच्या जर्नलातलं नाही. पेशी तिरकी कापली गेली असेल तर तिरकी काढा.

लॅबमधल्या मामांशी बोला. कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचं प्रिझम टेबल ढिलं आहे, कुठला गॅल्व्हनोमीटर अडकतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. वेळ संपल्यावर अर्धा तास थांबायचं असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांनाही घरी जायचं असतं, पण मनापासून काम करणाऱ्या मुलाला मामांनी हाकललेलं मी पाहिलेलं नाही.

कोडिंगबद्दल विचारलंत. शिका, नक्की शिका, पण प्रमाणपत्राच्या कोर्सने सुरुवात करू नका. तोच लोलक पायथनमध्ये घ्या. मोठ्या कोनासाठी साइनच्या जागी नुसता कोन धरता येत नाही, समीकरण हाताने सुटत नाही, म्हणून ते छोट्या छोट्या कालखंडांत सोडवायचं. ६० अंशांतून सोडलेल्या लोलकाचा आवर्तकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा साधारण ७.३ टक्के जास्त यायला हवा, ९० अंशांना १८ टक्के. तुमच्या प्रोग्रॅमला एवढं जमलं की लॅबमध्ये जाऊन दोऱ्याच्या जागी हलकी ताठ काडी लावून मोठे कोन मोजा. काडीचं वजन गोळ्याच्या मानाने नगण्य नसेल तर सूत्र बदलतं, तेही लक्षात येईल. पंधरा दिवसांच्या या कामात तुम्ही अवकल समीकरणं, संख्यात्मक पद्धती, आलेख आणि प्रयोग हे सगळं शिकता. मुलाखतीत याबद्दल खोदून विचारलं तरी तुम्ही ढळत नाही, कारण प्रत्येक ओळ तुमची असते.

थिअरीचं थोडक्यात सांगते. झेरॉक्स नोट्स आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर यांवर पास होता येतं, पहिला वर्गही मिळतो. पण एखाद्या विषयाचं एक तरी जाड पुस्तक हाताशी धरा आणि त्यातली उदाहरणं उत्तर झाकून सोडवा. एका उदाहरणावर दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. उत्तर बघून "समजलं" वाटणं आणि कोऱ्या कागदावर ते जमणं यात फार अंतर आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला तासही लागतो. लागू द्या. मीही मराठी शाळेतलीच आहे. विचार मराठीत करा, मित्राला मराठीत समजावून सांगा, मग इंग्रजीत लिहा. दुपारनंतर रिकामा वर्ग आणि फळा मिळतो, तिथे दोघा-तिघांनी मिळून एकमेकांना शिकवणं ही कुठल्याही क्लासपेक्षा मोठी गोष्ट आहे. गणित मात्र मागे ठेवू नका. फिजिक्समध्ये अडलेली निम्मी मुलं खरं म्हणजे गणितात अडलेली असतात. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. गणिताची आवड असेल तर तिथे काय चालतं ते एकदा जाऊन बघा.

आता "साधं कॉलेज" या दुखण्याबद्दल. पुण्यात शिकणाऱ्या मुलांनी हे म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं, कारण तुमच्याभोवती जे आहे ते देशात फार थोड्या शहरांत आहे. पाषाण रस्त्याला लागलात की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासूनची. जवळच आयसर, २००६ पासूनचं. त्याच भागात आयआयटीएम, जिथे मान्सूनवर काम चालतं. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका, रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए आणि पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. यांतल्या बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यानाला बसता येतं. संकेतस्थळावर वेळ बघा, ओळखपत्र जवळ ठेवा, गेटवर नोंद करा आणि आत जा. पहिल्या पाच-सहा व्याख्यानांतलं काही कळणार नाही. तरी बसा. वक्त्याने काय मोजलं आणि कशाने मोजलं एवढंच टिपून घ्या. शेवटी लोक कसे प्रश्न विचारतात ते नीट ऐका, ते सगळ्यात शिकण्यासारखं असतं.

२८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. त्या सुमारास आयुका सगळ्यांसाठी उघडी असते, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन भरतं. तिकडे एकदा तरी जाच. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मधोमध आणि बाकीच्या वायच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या समोर प्रश्न होता तो खर्चाचा. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या तर पैसा आणि वाऱ्याचा दाब दोन्ही आवाक्याबाहेर. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना बारीक भोकं दिसतच नाहीत, म्हणून त्यांनी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली तारेची जाळी वापरली. तरंगलांबी आणि पृष्ठभाग यांचं नातं तुम्ही ऑप्टिक्समध्ये शिकता, तेच तिथे शेतांच्या मधोमध उभं आहे.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला येत, तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन. आणि उत्तरं येत. तुम्हाला एखाद्या शास्त्रज्ञाला लिहायचं असेल तर त्या पोस्टकार्डाएवढं लिहा. चारशे जणांना पाठवलेली तीच ती ईमेल ओळखू येते. मी कोण, तुमचा हा शोधनिबंध वाचला, त्यातली ही आकृती समजली नाही, मी स्वतः हे करून बघितलं आहे, उन्हाळ्यात तुमच्याकडे काही काम करता येईल का : बस. दहातल्या नऊ जणांकडून उत्तर येणार नाही, त्याचा अर्थ तुम्ही नालायक आहात असा नाही, त्यांच्याकडे तेवढ्या ईमेल असतात.

उन्हाळी प्रकल्पांच्या बाबतीत मुलं उशिरा जागी होतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात, एप्रिलमध्ये नाही. गणितासाठी एमटीटीएस हा उन्हाळी कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा विज्ञानाचा कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा तर इथेच भरते. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे शेवटच्या वर्षाची दिवाळी अभ्यासाची समजा. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, तेव्हा आत्ताच वहीच्या मागच्या पानावर सगळ्या संकेतस्थळांची नावं लिहा आणि महिन्यातून एकदा बघा. क्लास लावायचा की नाही? ज्याला स्वतः उदाहरणं सोडवायची सवय आहे त्याला क्लासची फारशी गरज नाही, आणि ज्याला ती नाही त्याला क्लास फारसा उपयोगी पडत नाही, असं माझं मत आहे. सीजीपीए दाराबाहेर अडवला जाणार नाही एवढा ठेवा. त्यापलीकडे पॉइंटभर वाढवण्यासाठी प्रॅक्टिकलचा वेळ खर्चू नका.

शिफारसपत्राचंही आत्ताच सांगून ठेवते. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं काम पाहिलंच नाही, ते पत्रात काय लिहिणार? वर्षभर त्यांच्याकडे शंका घेऊन जा, आणि पत्र हवं असेल तर शेवटच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी सांगा, सोबत तुमच्या कामाचं एक पान द्या.

राहिला घरचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे खोलीमित्र एमपीएससी करत असतात, आणि घरून विचारणा होते की तूही फॉर्म भरलास का. भरावासा वाटला तर भरा, तो रस्ता कमी प्रतीचा नाही. पण संशोधनात जायचं असेल तर आई-वडिलांना आकड्यांत सांगा, नुसतं "मला आवड आहे" म्हणून त्यांची काळजी मिटत नाही. बारावीला बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल, तर इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. नसाल तर कमवा व शिका योजनेत कॉलेजातच तासावर काम मिळतं, विभागप्रमुखांना विचारा. पीएच.डी.ला फी भरून वर्षानुवर्षं घरच्यांच्या जिवावर बसावं लागतं असं अनेक पालकांना वाटतं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. हे पैसे कधी कधी उशिरा जमा होतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची शिल्लक जवळ लागते, हेही त्यांना आधीच सांगा. आणि पीएच.डी.नंतर पुण्यातच कायमची नोकरी मिळेल असं कुणाला कबूल करू नका. मी स्वतः पुढच्या महिन्यात कामासाठी दुसऱ्या राज्यात चालले आहे, आणि आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच आहे.

माझा ईमेल पत्ता विभागाच्या सूचनाफलकावर लावला आहे. लिहिताना प्रयोगाचं नाव, उपकरणाचा लीस्ट काउंट आणि कच्च्या रीडिंगचा फोटो जोडा, म्हणजे मला उत्तर देता येईल.